रात्रभर उपाशी, तरी सकाळी साखर १३८. ही येते कुठून?

पेशीवाला (धागाकर्ता)

मधुमेहावरच्या दर दुसऱ्या धाग्यात हा प्रश्न फिरून येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. रात्री साडेआठला दोन फुलके आणि भाजी, झोपताना मीटरवर १२२, आणि सकाळी तोंडात काही न घालता १३८. पहिला संशय मीटरवर जातो. बहुतेक वेळा मीटर बिचारा बरोबर असतो.

आधी हिशेब. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. साखर ९० मिग्रॅ/डेलि धरली (यापुढे नुसते आकडे देतो) तर लिटरमागे ०.९ ग्रॅम, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम. चहाचा एक चमचा! आता खर्च बघा. मेंदू झोपेतही तासाला ५ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज खातो. बाकीच्यांचं धरून ६० किलोच्या माणसाला तासाला ७ ग्रॅम लागतात. भर पडली नाही तर चाळीसेक मिनिटांत खडखडाट. तसं होत नाही, कारण यकृत रात्रभर नळ बारीक सोडून ठेवतं: वजनाच्या किलोमागे दर मिनिटाला सुमारे २ मिग्रॅ. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ५५ ते ६० ग्रॅम, म्हणजे बारा-तेरा चमचे साखर यकृतातून रक्तात येते. यातली ढोबळ निम्मी ग्लायकोजेनची (यकृतात साखर याच रूपात साठवलेली असते), उरलेली लॅक्टेट, अमिनो आम्लं आणि ग्लिसरॉल यांपासून नव्याने बनवलेली.

तेव्हा सकाळचा आकडा रात्रीच्या फुलक्यांपेक्षा या नळाबद्दल जास्त सांगतो. नळ आवळणारं संप्रेरक इन्सुलिन, सैल करणारं ग्लुकॅगॉन. गंमत म्हणजे दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात आणि एकमेकांच्या शेजारी बनतात.

ते ठिकाण म्हणजे स्वादुपिंड. (अग्न्याशय हा हिंदीतला शब्द. मराठीत स्वादुपिंडच म्हणू.) जठराच्या मागे आडवं पडलेलं, १५ सेंमीच्या आसपास लांब, ८० ते १०० ग्रॅम वजनाचं. त्यातला बहुतांश भाग पाचकरस बनवतो. संप्रेरकं बनवणारा भाग जेमतेम १ ते २ टक्के, तोही सलग नाही, सगळीकडे विखुरलेला: दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म बेटं. १८६९ साली पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने ही पाहिली आणि नोंदवली, पण ती करतात काय हे त्याला ठाऊक नव्हतं. माणसाच्या बेटात निम्म्याहून थोड्या जास्त बीटा पेशी (इन्सुलिन), तिसऱ्या हिश्शाच्या आसपास अल्फा (ग्लुकॅगॉन), थोड्या डेल्टा (सोमॅटोस्टॅटिन) असतात. उंदरात बीटा मध्ये आणि अल्फा कडेला अशी नीटनेटकी मांडणी असते. माणसात सगळ्या मिसळून बसतात, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. हे शेजारपण पुढे कामाला येणार आहे.

बीटा पेशीला साखर कळते कशी? ती चव घेत नाही, साखर जाळून बघते. ग्लुकोज आत शिरायला इथे इन्सुलिनची परवानगी लागत नाही, बाहेर जितकं तितकं आत. आत ग्लुकोकायनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याला पहिला फॉस्फेट चिकटवतं. खरा मोजमाप करणारा हा. इतर पेशींतलं त्याचं भावंड, हेक्सोकायनेज, अगदी थोड्या ग्लुकोजवरच पूर्ण क्षमतेने चालतं, त्यामुळे त्याला ९० काय आणि १८० काय, फरक कळत नाही. ग्लुकोकायनेज १४० च्या आसपास अर्ध्या वेगावर असतं, म्हणून साखर जशी वर-खाली तसा त्याचा वेग वर-खाली. पुढे एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनतं. पेशीच्या भिंतीत पोटॅशियमचं एक दार एरवी उघडं असतं, ते एटीपी वाढलं की बंद होतं. पोटॅशियम आत अडकला, भिंतीचा विद्युतभार बदलला, कॅल्शियमची दारं उघडली, कॅल्शियम आत घुसला आणि भिंतीला टेकून तयार असलेल्या इन्सुलिनच्या पुड्या बाहेर फुटल्या. ९० च्या आसपास हे सुरू होतं.

पहिल्या दहा मिनिटांत एक उसळी येते, ती या तयार पुड्यांची. मग मागच्या पुड्या पुढे येत राहतात तो दुसरा, संथ टप्पा. ही पहिली उसळी फार मोलाची. तीच यकृताला सांगते, 'अन्न येतंय, नळ आवळ.' टाइप २ मधुमेहात सगळ्यात आधी हरवते तीही हीच.

आणि निरोप आधी यकृतालाच मिळतो. स्वादुपिंडाचं रक्त थेट हृदयाकडे न जाता प्रवेशिनी शिरेतून यकृतात जातं, आणि आलेलं जवळजवळ निम्मं इन्सुलिन यकृत पहिल्याच फेरीत वापरून मोडून टाकतं. उरलेलं बाकीच्या शरीराला. रक्तात त्याचं अर्धायुष्य ५ मिनिटांच्या आसपास, त्यामुळे निरोप शिळा होत नाही.

अल्फा पेशीचं काम उलटं. शेजारच्या बीटा पेशी इन्सुलिन सोडत असतात तोवर अल्फा दबून राहते. साखर ८० च्या खाली सरकली की बीटा हात आवरते, दाब उठतो, आणि ६५ ते ७० च्या आसपास ग्लुकॅगॉन जोमाने सुटतं. ते यकृताला ग्लायकोजेन फोडायला लावतं. स्नायूंवर त्याचा परिणाम नाही. स्नायूंतला साठा मोठा असला तरी तिथली साखर रक्तात येऊ शकत नाही, कारण फॉस्फेट काढून टाकणारं विकर स्नायूंकडे नसतं.

टाइप २ मध्ये हे दोन्ही बिघडतं. इन्सुलिन कमी किंवा यकृत त्याला जुमानत नाही, आणि अल्फा पेशीही दबत नाही. म्हणजे जेवणाची साखर आतड्यातून येत असताना यकृताचा नळही चालूच. रॉजर उंगर आणि लेलिओ ओर्ची यांनी १९७५ मध्ये ही दोन संप्रेरकांची मांडणी केली. अजूनही मधुमेह म्हटलं की लोक फक्त इन्सुलिनबद्दल बोलतात.

खडीसाखर

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: मग रात्रीचं जेवणच टाळलं तर फास्टिंग उतरेल ना?

पेशीवाला

@खडीसाखर, भाबडा अजिबात नाही. थोडी उतरेलही, पण नळ बंद होत नाही. उपास लांबला की इन्सुलिन आणखी खाली जातं, चरबीतून मेदाम्लं सुटतात आणि यकृताला नवी साखर बनवायला इंधन मिळतं. शिवाय पहाटे तीन-चारनंतर कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढायला लागतं, रात्री सुटलेल्या वाढ संप्रेरकाचा परिणामही तोवर दिसू लागतो. दोन्ही इन्सुलिनच्या विरुद्ध बाजूची. निरोगी माणूस त्यावर थोडं जास्त इन्सुलिन सोडतो, आकडा हलत नाही. ज्याच्या बीटा पेशींकडे तेवढी शिल्लक नाही त्याचा १५-२० नी चढतो. यालाच पहाटेचा परिणाम म्हणतात. ग्लिमेपिराइडसारखी इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण टाळण्याचा प्रयोग मनाने करू नका.

प्रयोगवही

पहाटेचा परिणाम, रात्रीचं जेवण आणि औषधाचा डोस, या तिघांत गल्लत होते. वेगळं करायचं तर सलग तीन रात्री तीन आकडे घ्यावे लागतात: झोपताना, रात्री ३ वाजता, उठल्याबरोबर. वहीत एका ओळीत लिहा, शेजारी जेवणाची वेळ.

१२५–१२०–१५५ आलं तर पहाटेचा परिणाम. १९०–१७५–१६५ आलं तर यकृताला दोष देऊ नका, रात्रीचं जेवण जड किंवा उशिरा झालंय. १३०–६२–१७० असं काही आलं तर तो पहिला फोन डॉक्टरांना, कारण मधल्या आकड्याचा अर्थ औषध रात्री जास्त होतंय. 'रात्री साखर पडते म्हणून सकाळी उसळते' हे पाठ्यपुस्तकांतलं लाडकं स्पष्टीकरण प्रत्यक्षात फार क्वचित खरं ठरतं. पण ३ चा आकडा न घेता ते नाकारूही नये.

बोटाच्या टोकापेक्षा कडेला टोचा, आणि आधी हात धुवून कोरडे करा. आंबा, गूळ किंवा केळं हाताळलेल्या बोटातून घेतलेल्या थेंबात बाहेरची साखर मिसळते. स्ट्रिपवर जाणारा थेंब मायक्रोलिटरभर असतो, त्याला तेवढंही पुरतं. नुसतं स्पिरिट फिरवून हे जाईलच असं नाही.

राखाडी_झाकण

लॅबच्या बाजूने थोडं. रक्त काढल्यावर नळीतल्या पेशी साखर खातच राहतात, साध्या नळीत खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के. म्हणून ग्लुकोजसाठी फ्लोराइडची, राखाडी झाकणाची नळी. पण फ्लोराइडही लगेच चढत नाही, पूर्ण परिणाम व्हायला तासभर जातो. घरून सॅम्पल नेऊन दोन तास बॅगेत फिरलं तर खरी १२८ ही १२० दिसू शकते. निदानाची रेघ १२६ वर आहे, तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

घरच्या मीटरला मानकाप्रमाणे १०० च्या वर १५ टक्के आणि १०० च्या खाली १५ अंकांची सूट आहे. म्हणजे १२२ आणि १३८ यांत खरा फरक असेलच असं नाही! एका सकाळच्या आकड्यावरून काही ठरवू नका.

उपास ८ ते १२ तासांचा. १६ तास उपाशी राहून येणारे भेटतात, त्याने आकडा 'चांगला' होत नाही, वेगळा होतो. आणि जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.

सांजवात

बीटा पेशींत नेमकं किती त्राण उरलंय हे कळायला फास्टिंग इन्सुलिन करावं की सी-पेप्टाइड?

राखाडी_झाकण

@सांजवात, सी-पेप्टाइड. इन्सुलिन आधी ८६ अमिनो आम्लांच्या एका लांब साखळीत बनतं. ती कापली की ५१ चं इन्सुलिन आणि ३१ चं सी-पेप्टाइड वेगळं होतं, मध्ये चार गळतात. म्हणजे एकास एक. यकृत सी-पेप्टाइडला हात लावत नाही, त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास, आणि बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. त्यामुळे पेशंट इन्सुलिनवर असला तरी स्वतःचं किती बनतंय ते दिसतं.

फसायच्या जागा तीन. मूत्रपिंड कमजोर असेल तर सी-पेप्टाइड साठून जास्त दिसतं. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर आकडा चुकतो, दोन-तीन दिवस आधी बंद कराव्या. आणि सोबत त्याच वेळची साखर हवीच: साखर ६५ असताना सी-पेप्टाइड कमी येणं हे बीटा पेशींचं शहाणपण आहे, १८० असताना कमी येणं हा आजार. नुसत्या इन्सुलिनच्या तपासणीत आणखी एक भानगड, नमुन्यात लाल पेशी फुटल्या तर त्यांतलं विकर इन्सुलिन मोडतं आणि आकडा खोटा कमी येतो.

आडवाट

धागा चांगला, पण सगळं खापर यकृतावर फुटतंय. निदान होतं तेव्हाच बीटा पेशींची क्षमता निम्म्यावर आलेली असते, ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाने हे दाखवलं. नळ सैल असण्याचं मूळ तिथेच आहे.

पेशीवाला

@आडवाट, निम्म्यावर हे मान्य. पण त्या निम्म्या पेशी मेल्या की गप्प झाल्या, हा वादाचा मुद्दा आहे. ब्रिटनमधले मधुमेह संशोधक रॉय टेलर यांची मांडणी अशी: चरबी आधी यकृतात साचते, यकृत इन्सुलिनला जुमानत नाही, तीच चरबी पुढे स्वादुपिंडात उतरते आणि बीटा पेशी गप्प होतात. ब्रिटनमधल्या २०१७ च्या 'डायरेक्ट' (DiRECT) नावाच्या चाचणीत दिवसाला ८५० उष्मांकांच्या आसपासचा आहार तीन ते पाच महिने दिला. वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहाच्या रेघेखाली होते. १५ किलो किंवा जास्त वजन उतरलेल्यांत ८६ टक्के. मेलेल्या पेशी वजन उतरवून परत येत नाहीत. मात्र तिथे निदान होऊन सहा वर्षांपेक्षा जास्त झालेले लोक घेतलेच नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. पंधरा वर्षं जुन्या मधुमेहाला हे जसंच्या तसं लागू करू नये.

आडवाट

ते ब्रिटनमधले जाड लोक. आपल्याकडे ५८ किलोच्या माणसाने १५ किलो उतरवायचे कुठून?

बाभूळबन

@आडवाट, इथे पुण्याचं काम बघायला हवं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची, पण पुण्याच्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून. नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त. म्हणजे काटा ५८ दाखवतो तेव्हा आत यकृतावर काय साचलंय ते काट्याला कळत नाही. कंबरेची फीत काट्यापेक्षा जास्त सांगते. १५ किलो ही जाडांची गरज झाली, किरकोळ अंगाच्या माणसाला चार-पाच किलोतही फरक पडू शकतो.

खडीसाखर

औषधं यातल्या कुठल्या पायरीवर काम करतात, कुणी सांगेल का? दोन ओळींत चालेल.

गोळीबार_मैदान

दोन ओळींत नाही जमणार. 😀

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड: वर लिहिलेलं पोटॅशियमचं दार थेट बंद करतात. एटीपी असो-नसो. म्हणजे साखर ७० असली तरी इन्सुलिन सुटत राहतं. सगळा धोका या एका वाक्यात आहे. गोळी घेतली आणि एकादशी धरली, किंवा उलट्या होताहेत तरी गोळी घेतली, की साखर पडते. वयस्कर माणूस आणि कमजोर मूत्रपिंड असेल तर परिणाम लांबतो. याच दाराचा जन्मजात बिघाड असलेल्या काही बाळांना मधुमेह होतो, दार बंदच होत नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांची इन्सुलिनची सुई सोडवून याच जातीची गोळी देता येते, हे २००६ मध्ये सिद्ध झालं.

सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन: आतड्यातून अन्न गेलं की जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं, ते बीटाला ढोसतं आणि अल्फाला दाबतं. पण दोनेक मिनिटांत मोडलं जातं. या गोळ्या मोडणाऱ्या विकराला अडवतात. साखर वर असेल तरच ढोसणी लागू पडते, म्हणून एकट्याने साखर पाडत नाहीत. शिरेतून दिलेल्या ग्लुकोजपेक्षा तेवढंच ग्लुकोज तोंडाने घेतलं तर इन्सुलिन जास्त सुटतं, ते या आतड्यातल्या संप्रेरकांमुळे.

मेटफॉर्मिन: मुख्यतः यकृताचा नळ. या धाग्याचा नायक म्हणायला हरकत नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: साखर लघवीतून बाहेर. पण साखर उतरली की इन्सुलिन उतरतं आणि ग्लुकॅगॉन चढतं, यकृत चरबीपासून कीटोन (आम्लधर्मी पदार्थ) बनवायला लागतं. उपास, जुलाब किंवा ऑपरेशनच्या वेळी साखर १६० दिसत असतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. मीटर फसवतो. म्हणून ऑपरेशनच्या तीन दिवस आधी डॉक्टरांना सांगून बंद करतात. ही गोळी चालू असताना मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर कीटोन तपासायला सांगा.

सांजवात

टाइप १ मध्ये अल्फा पेशी शाबूत असतात ना? मग साखर पडल्यावर ग्लुकॅगॉन येऊन सावरायला हवं.

पेशीवाला

@सांजवात, पेशी शाबूत, खूण हरवलेली. अल्फाला जाग येते ती शेजारच्या इन्सुलिनचा दाब अचानक उठल्याने. टाइप १ मध्ये शेजारीच, म्हणजे बीटा पेशीच, उरलेले नाहीत, दाब आधीपासूनच नाही, मग उठणार काय? टोचलेलं इन्सुलिन मात्र रक्तात फिरतच असतं. त्यामुळे निदानानंतर काही वर्षांतच साखर पडल्यावरचा ग्लुकॅगॉनचा प्रतिसाद जातो. वर नुसतं अंडं-पनीर खाल्लं तर अमिनो आम्लांमुळे ग्लुकॅगॉन वाढतंच. निरोगी माणसात ते सोयीचं, कारण प्रथिनांनी इन्सुलिनही सुटतं आणि सोबत भात-पोळी नसताना साखर पडू नये म्हणून हा तोल. टाइप १ मध्ये तोलाची एकच बाजू उरते, म्हणून प्रथिनांच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी साखर चढते.

खडीसाखर

शेवटचं. साखर पडली तर पेढा चालेल का? घरात तोच पटकन सापडतो.

गोळीबार_मैदान

@खडीसाखर, पेढा, चॉकलेट, बर्फी नको. खव्यातल्या चरबीने जठर सावकाश रिकामं होतं आणि साखर उशिरा पोचते. ७० च्या खाली आकडा आला की १५ ग्रॅम: ग्लुकोज पावडरचे तीन सपाट चमचे अर्धा कप पाण्यात, किंवा तीन चमचे साधी साखर. १५ मिनिटांनी परत मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. सावरल्यावर पोळी किंवा दूध-बिस्कीट. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. ग्लुकॅगॉनचं १ मिग्रॅ इंजेक्शन असेल तर स्नायूत, नसेल तर सरळ दवाखाना. दारूनंतर किंवा लांबलेल्या उपासानंतर ग्लुकॅगॉन नीट चालत नाही, कारण यकृतात फोडायला ग्लायकोजेनच नसतं.

आणि ग्लिमेपिराइडमुळे पडली असेल तर एकदा वर आली म्हणून निर्धास्त होऊ नका, गोळीचा असर टिकतो तोवर पुन्हा पडू शकते.

प्रयोगवही

यात एक भर, कारण हे चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साधी साखर खाऊन आकडा वेळेवर वर येत नाही. आपली साखर म्हणजे सुक्रोज, ते आतड्यात फोडणारं विकरच या गोळीने अडवलेलं असतं. बिस्कीट, पाव, गूळ सगळ्यांची तीच गत. अशांच्या खिशात ग्लुकोज पावडरच हवी. आपल्याकडे एकाच गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज असतात, तेव्हा पाकिटामागची तीन नावं एकदा वाचून घ्या.

खडीसाखर

वाचली. तिसरं नाव तेच आहे. ग्लुकोजचा डबा आणतो.